‘कुठलंही बटण, कुठलाही रंग, दहा मिनिटं’: असं होत नाही

गेला महिनाभर एक मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपपासून भाच्याच्या कॉलेजच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. कीबोर्डची जुनी बटणं घरच्या घरी नव्या रंगात रंगवा म्हणे. कृती अशी: बटणं उपसून काढा, पातेल्यात पाणी उकळा, कपडे रंगवायच्या पुडीतला हवा तो रंग टाका, मूठभर मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर घाला, दहा मिनिटं खळखळ उकळा. कुठलंही प्लास्टिक चालतं, काळी बटणंसुद्धा पिवळी होतात, अक्षरांना काही होत नाही, पातेलं घासून परत वापरा, उरलेलं पाणी गटारात ओता, शेवटी तो कपड्यांचाच रंग.

मी बावीस वर्षं कापड रंगवण्याच्या धंद्यात आहे, त्यातली बरीचशी तळोज्यात लॅबमध्ये गेली. तरीही मी हा मेसेज वाचून सोडून दिला होता. मग एका रविवारी भाचा ऐरोलीहून कळव्याला आला, हातात स्टीलचा डबा. आत ८७ बटणं. रंग असा कुठे नाहीच, खोबणींमध्ये गुलाबी गाळ तेवढा साचलेला, आणि स्पेसबार मधोमध वाकलेला. ‘मामा, त्यात लिहिलं होतं अगदी तस्संच केलं,’ म्हणाला. पोरानं कीबोर्ड शिकवणीच्या पैशांतून घेतला होता. त्याची चूक शून्य, आणि म्हणूनच मी हे लिहायला बसलो.

सगळ्यात घातक वाक्य ‘कुठलंही प्लास्टिक चालतं’ हे. बाजारातली बटणं प्रामुख्यानं दोन प्लास्टिकची असतात, एबीएस आणि पीबीटी. स्वस्त कीबोर्डवर बहुतेक एबीएस. वापरून वापरून गुळगुळीत चकाकायला लागतं ते हेच. पीबीटी खरखरीत राहतं, आणि मुख्य म्हणजे ते जातीनं पॉलिएस्टर आहे, पाण्याच्या बाटलीच्या पीईटीचं सख्खं चुलतभावंड. पॉलिएस्टर रंगवायची विद्या आपल्याकडे आहे, साड्यांच्या साड्या रोज रंगतात. एबीएसचं तसं नाही. ते साधारण १०५ अंशांच्या आसपास पार मऊ होतं, पण पातळ भिंतीचं बटण त्याच्या बरंच आधी आकार सोडायला लागतं. त्यावर रंग थोडाफार चढतोही, पण उकळत्या पातेल्याच्या बुडाला ते टेकलं की त्याचं काही खरं नाही.

मग आपलं बटण कुठलं हे ओळखायचं कसं? यासाठी मात्र मीठ लागतं. एका वाटीत पाणी घ्या, विरघळेल तेवढं मीठ घाला, तळाला थोडं न विरघळता उरलं पाहिजे. मग बटण उलटं करून, आतला बुडबुडा बोटानं काढून त्यात सोडा. असं पाणी साध्या पाण्याच्या १.२ पट जड असतं. एबीएस साधारण १.०५, म्हणून ते वर येतं. पीबीटी १.३, ते बुडतं. पीओएम नावाचं एक प्लास्टिकही बुडतं, पण ते क्वचित भेटतं.

भाच्याची बटणं आम्ही एकेक करून वाटीत सोडली. ८६ बुडाली. स्पेसबारला वाटी पुरेना, तो कढईत सोडला, तर वर आला! मला त्याचं नवल वाटलं नाही. पीबीटी साच्यातून निघून थंड होताना आक्रसतं, लांब पट्टी सरळ ठेवणं अवघड जातं, म्हणून बऱ्याच सेटमध्ये स्पेसबार तेवढा एबीएसचा घालतात. जुन्या पांढऱ्या कीबोर्डवर एकटा स्पेसबार पिवळा पडलेला दिसतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

आता रंग, मीठ आणि व्हिनेगर. भाच्यानं पुडी जांभळी नाक्यावरून आणली होती, सुती कपड्यांची. कापूस पाणी पितो, आणि सुती रंग पाण्यात विरघळतो. मीठ घातलं की तो रंग पाणी सोडून धाग्याकडे सरकतो. मिठाचं काम एवढंच, आणि तेही कापसापुरतं. पीबीटी पाणी जवळजवळ घेतच नाही. तिथे पोतंभर मीठ घातलं तरी सुती रंग वरच्यावर राहणार आणि साबणानं निघून जाणार. व्हिनेगरला थोडा आधार आहे, तो मान्य करायला हवा. पॉलिएस्टर रंगवताना आम्हीही बाथ, म्हणजे रंगाचं पाणी, व्हिनेगरमधल्याच ॲसिटिक ॲसिडनं किंचित आंबट ठेवतो. पण ते रंग बिघडू नये म्हणून. त्यानं रंग ‘पक्का’ होत नाही.

पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग लागतो. हे रंग १९२० च्या दशकात ॲसिटेट या कृत्रिम रेशमासाठी निघाले, कारण तेव्हाचे नेहमीचे रंग त्यावर बसेचनात. आज भाच्यापुढे जी अडचण आली तीच. डिस्पर्स रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, बारीक कणांनी पसरून राहतो. उष्णतेनं प्लास्टिकचे रेणू सैल झाले की रंग आत शिरतो, आणि थंड झाल्यावर आतच अडकतो. म्हणून तो नखानं खरवडून निघत नाही. दुकानदाराकडे ‘पॉलिएस्टरचा, डिस्पर्स’ असं स्पष्ट मागा. नुसतं ‘कपड्यांचा रंग’ म्हणालात तर सुतीच हातात पडेल.

‘दहा मिनिटं खळखळ उकळा’ हेही उलटं आहे. कारखान्यात पॉलिएस्टर कापड दाबाच्या मशीनमध्ये १३० अंशांवर रंगवतात, तापमान मिनिटाला एखाद-दोन अंशांनी चढवतात आणि वर अर्धा-पाऊण तास धरतात. घाई केली की शेड पॅची येते, ती मग दुरुस्त होणं कठीण. सुदैवानं पीबीटी बाटलीच्या प्लास्टिकपेक्षा सहज रंग घेतं, त्याला दाब लागत नाही. मी थर्मामीटर लावून ८५ ते ९० अंश धरतो, दोन लिटर पाण्याला चहाचा अर्धा चमचा पूड आधी कोमट पाण्यात कालवून गाळून घेतो, आणि अर्धा तास लाकडी दांड्यानं सतत हलवत राहतो. बटणं स्टीलच्या चाळणीत, बुडाला टेकू द्यायची नाहीत. आधी एक फालतू बटण टाकून पाहायचं, पुसून कोरडं करून, उजेडात. ओलं बटण नेहमी गडद दिसतं. शेवटी गरम साबणाच्या पाण्यानं धुवायचं, पांढऱ्या फडक्याला रंग लागेनासा होईपर्यंत. कुणी प्रेशर कुकरची युक्ती सुचवली तर ऐकू नका. तिथे १२० अंश होतात, एखादं एबीएस बटण चुकून आत राहिलं तर त्याचा गोळा होईल, आणि त्या कुकरात पुन्हा वरण शिजवता येणार नाही.

काळं बटण पिवळं होत नाही. हा रंग पारदर्शक असतो, खालचा रंग पुसत नाही, त्यात भर घालतो. पांढऱ्यावरून आणि फिकट राखाडीवरून पुढे जाता येतं, मागे नाही.

‘अक्षरांना काही होत नाही’ हे बटणावर अवलंबून आहे. काही बटणांवरची अक्षरं उष्णतेनं आत उतरवलेली असतात, आणि ती याच डिस्पर्स जातीच्या रंगाची असतात. बटण गडद निळं केलंत की काळी अक्षरं त्यात बुडून जातात. फिकट रंगावर मात्र ती छान उठून राहतात. हे मला आईच्या कीबोर्डमुळे कळलं. आई एकाहत्तराव्या वर्षी इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टाइप करायची कीबोर्डवरची मांडणी, शिकली, तिच्या आईच्या ओव्या टाइप करून ठेवायच्या म्हणून. देवनागरीचे स्टिकर ठाण्याच्या दमट हवेत महिन्यात सुटायचे. इन्स्क्रिप्टची गंमत ही की काने-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला असतात, क, त, प, र ही व्यंजनं उजव्या. मी डावीकडच्या दोन ओळींमधली दहा बटणं फिकट हळदीच्या रंगात काढली, क्यू ते टी आणि ए ते जी. आता ती बोट फिरवण्याआधी म्हणते, ‘मात्रा पिवळ्यात.’ डी वरचा पाय मोडायचा हलन्त तिला न बघता सापडतो.

पातेल्याबद्दल मला फार बोलायचं नाही: रंगाचं पातेलं, चाळणी, चमचा कायमचे वेगळे. काही डिस्पर्स रंगांनी कातडीला ॲलर्जी होते हे वैद्यकात नोंदलेलं आहे. हातमोजे घाला, पूड ओतताना पंखा बंद आणि तोंडावर मास्क, नंतर खिडकी उघडी.

पण गटाराबद्दल बोलायचं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळी कुत्री फिरताना दिसली, फोटो जगभर गेले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा रंग होता तो, आणि प्रदूषण मंडळानं कारखाना बंद करायला लावला. मी त्या भागात काम केलंय, ती बातमी मी विसरू शकत नाही. आपलं पातेलं म्हणजे कारखाना नव्हे, खरं. पण पावसाच्या पाण्याचं उघडं गटार शेवटी खाडीलाच मिळतं, आणि ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तेव्हा रंग मुळात कमी घ्या, इतका की बाथ शेवटी फिकट पडेल. उरलेलं बरणीत भरून चिठ्ठी लावा, पुढच्या वेळी त्यातच फिकट शेड निघते. अगदीच टाकायचं झालं तर घरातल्या संडासात, भरपूर पाण्याबरोबर, म्हणजे ते निदान मैलाशुद्धीकरणाच्या वाटेनं जाईल.

भाच्याची ८६ बटणं मी त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्यात भिजत घातली. गुलाबी गाळ तासाभरात निघाला, बटणं पुन्हा पांढरी झाली, सुती रंग त्यांच्यात शिरलाच नव्हता. स्पेसबार गेला, तो नवा मागवलाय आणि तो पांढराच ठेवायचा ठरलंय. पुढच्या रविवारी भाचा परत येणार आहे, त्याला गडद हिरवा हवाय. अक्षरं बुडतील हे मी त्याला सांगितलं. ‘मला न बघता येतं मामा,’ म्हणाला. तरी फालतू बटण म्हणून स्क्रोल लॉक आधी टाकायचं आमचं ठरलंय.