अमोनाची टेकडी बेवारस नव्हती

"वेस्ट बँकेतली अमोना म्हणजे ओसाड टेकडी. मालक कुणीच नव्हता. ज्यूंनी सरकारच्या परवानगीने वस्ती केली आणि डाव्यांच्या दबावाखाली त्यांची घरं पाडली." हा मेसेज मराठीतही जोरात फिरतोय. (वेस्ट बँक म्हणजे इस्रायलने १९६७ च्या युद्धात ताब्यात घेतलेला पॅलेस्टिनी भाग.) एकेक मुद्दा घेऊ.

मालक कुणीच नव्हता? ओफ्रा या ज्यू वसाहतीच्या डोक्यावरची ही जमीन सिलवाद आणि आसपासच्या गावांतल्या पॅलेस्टिनींची. २००८ साली ते स्वतः इस्रायलच्या सुप्रीम कोर्टात गेले. 'येश दिन' ही इस्रायली संघटना त्यांच्यासोबत होती. जमीन खाजगी आहे हे सरकारनेही मान्य केलं. काही तुकडे आपण विकत घेतल्याचा वसाहतवाल्यांचा दावा कोर्टात टिकला नाही. रान पडीक दिसलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव पुसलं जात नाही, हे आपल्याकडे कुणालाही कळतं.

वेस्ट बँकेतल्या सगळ्याच वसाहती जगातले बहुतेक देश बेकायदा मानतात. इस्रायलला ते मान्य नाही. अमोना मात्र खुद्द इस्रायलच्या कायद्यानेही बेकायदा होती. वसाहतीसाठी पॅलेस्टिनींची खाजगी जमीन घेण्याला सुप्रीम कोर्टाने १९७९ च्या एलोन मोरे निकालात चाप लावला; त्यानंतर तिथल्या सरकारांनी खाजगी जमीन टाळून, १८५८ च्या ऑटोमन कायद्याच्या आधारे 'सरकारी जमीन' जाहीर करण्याची वाट धरली. अमोनाची जमीन खाजगीच असल्याने तिला तीही वाट नव्हती.

'परवानगी'चा मुद्दा अर्धाच खोटा आहे, म्हणून जास्त फसवा. रीतसर मंजुरी कधीच मिळाली नाही. पण अशा वस्त्यांना सरकारी खात्यांनीच गुपचूप पैसा पुरवला, हे माजी सरकारी वकील तालिया सॅसन यांच्या २००५ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय; आणि तो अहवाल तेव्हाचे पंतप्रधान शेरॉन यांच्या सरकारनेच मागवला होता. अमोनातल्या सुमारे चाळीस कुटुंबांना खोटी आशा लावली ती त्यांच्याच सरकारने. त्यांच्या मुलाबाळांचे हाल झाले, ते मी नाकारत नाही.

आणि डाव्यांचा दबाव? कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये दोन वर्षांची मुदत दिली, वर वाढवूनही दिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये वस्ती हलवली ती नेतान्याहूंच्या उजव्या सरकारने. सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) कोंडून घेतलेल्या तरुणांना पोलिसांनी एकेक करून उचलून बाहेर काढलं. त्यानंतर काही दिवसांतच संसदेने अशा वस्त्या नियमित करणारा कायदा केला. २०२० साली सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला.

हटवलेल्या कुटुंबांसाठी सरकारने शिलोजवळ अमिखाय ही नवी वसाहत उभारली. मूळ मालकांना मात्र लष्करी बंदीमुळे टेकडीवर नांगर धरता आला नाही. उलट डिसेंबर २०१८ मध्ये वसाहतवालेच कॅराव्हॅन घेऊन पुन्हा वर चढले आणि जानेवारीत पोलिसांना त्यांना खाली आणावं लागलं.