गोल्फ कार्ट आणि आमच्या आत्तीचे गुडघे

बेळगावात गोल्फ खेळणारं माझ्या ओळखीचं एक पण माणूस नाही, तरी महिनाभर माझ्या डोक्यात गोल्फ कार्टच फिरालीय, हसू नका.

कारण आमची आत्ती. वय ७८, दोन्ही गुडघे कामातनं गेलेले. तिला हंपीला घेऊन गेलो, तर विठ्ठल मंदिराच्या अलीकडंच आपल्या गाड्या थांबवतात, पुढं बॅटरीची गाडी, तीच ही गोल्फ कार्ट. चालवणारी पोरगी म्हणाली, ‘बर्री अज्जी, कूतकोरी’ (या आज्जी, बसा), आणि आत्ती अंबारीत बसावी तशी मागच्या उलट्या सीटवर बसली. पायरी बुटकी, दार नाही, धूर नाही, कुणाच्या हाताला धरून लोंबकळायला नको. परत येताना दगडी रथाबद्दल एक शब्द नाही, "ती गाडी आपल्यात का नाही रे?" एवढंच.

आहे की आपल्यात पण! पंधरा दिवसांनी तिला इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं (नाव घेत नाही), तर गेटच्या आत झाडाखाली सहा सीटची कार्ट उभी. वर ताडपत्री, ताडपत्रीवर कावळ्यांनी केलेला अभिषेक. वॉचमन म्हणाला, "बॅटरी डाऊन आहे." कधीपासनं? "पावसाच्या आधीपासनं." गेटपासून ओपीडीपर्यंत आत्ती तीनदा बसली, एकदा तर कुंडीच्या कठड्यावर.

मग मी जरा खोलात गेलो. या गाड्यांत बहुतेक लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, आपल्या इन्व्हर्टरसारख्याच, सहा-आठ जोडून ४८ व्होल्ट करतात. त्यात वरचेवर डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि चार्ज न करता तशीच ठेवली की आत प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्जिंग लावा, उठत नाही. म्हणजे गाडी बिघडली नव्हती हो, उपाशी मारली तिला. उद्घाटनाला नारळ, हार, फोटो सगळं होतं, पण रोज प्लग लावायचं काम कुणाचं हेच ठरलेलं नसतं. लिथियमवाली घेतली तर पाण्याची कटकट नाही, पण महाग.

आणि ही श्रीमंतांची थेरं म्हणणाऱ्यांसाठी : इलेक्ट्रिक गोल्फ कार्ट १९३२ मध्ये बनली आणि पुढची वीसेक वर्षं ती जास्त करून लांब चालता न येणारी माणसंच वापरत होती. मैदानावरच्या धडधाकट साहेबांनी नंतर उचलली. अमेरिकेत जॉर्जियात पीचट्री सिटी म्हणून गाव आहे, तिथं कार्टसाठी वेगळे रस्ते, जवळजवळ १६० किलोमीटर, पोरं शाळेला पण कार्टनं जातात. आपल्याला तेवढं नको, आपल्याकडं फुटपाथवरनं बुलेट जाते.

पण बेळगावच्या बाजारात गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडे बाजार एवढ्या पट्ट्यात सकाळच्या वेळी दोन गाड्या फिरवून बघा की. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर साध्या दिवशी, पौर्णिमेच्या गर्दीत नव्हे, म्हाताऱ्यांसाठी. रिक्षावाल्यांच्या पोटावर पाय येईल म्हणतात, पण जिथं रिक्षाच आत सोडत नाहीत तिथलं बोलालोय मी. एक मित्र म्हणाला, शेतात पण चालेल, रताळी आणायला. नाही चालणार बाबा, ते बारके टायर आमच्या काळ्या चिखलात पहिल्याच पावसात रुततील, तिथं ट्रॅक्टरच लागतो. आणि बेळगावचा पाऊस आडवा येतो, त्यामुळं बाजूला प्लास्टिकचे पडदे पाहिजेतच, नाहीतर पेशंट ओपीडीत न्हाऊन पोचायचा.

आत्तीची पुढची तारीख महिनाअखेरीला आहे. त्या हॉस्पिटलातलं कोणी हे वाचत असेल तर कार्टची चावी कुणाकडं असते तेवढं कळवा, डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन मी घेऊन येतो.