चेक चेक केलात का?

‘अहो, चेक चेक केलात का?’ हा प्रश्न आमच्या घरी अगदी सरळ चेहऱ्याने विचारला जातो. पहिला चेक बँकेचा, दुसरा तपासण्याचा. केला होता हो! तारीख, अक्षरी रक्कम, अंकी रक्कम, पुढे ‘फक्त’, कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा. तरी सोसायटीच्या रंगकामाच्या वर्गणीचा माझा चेक परत आला. सोबत चिठ्ठी : सही जुळत नाही.

‘चेक वटला नाही’ म्हटलं की जरा घरंदाज वाटतं. पण खजिनदारांनी जिन्यात, चार माणसांदेखत, ‘तुमचा चेक बाऊन्स झाला’ असं सांगितलं. तळमजल्यावरचे वकीलसाहेब थांबलेच. कायदा १८८१ चा, त्यात कलम १३८ आलं १९८८ च्या दुरुस्तीने, शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि सही न जुळल्यामुळे परत आलेला चेकही त्या कलमात बसू शकतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलंय, ही सगळी माहिती त्यांनी मला दुसऱ्या मजल्यापर्यंत सोबत करत दिली. फुकट. नोटीस आल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस असतात, हे मात्र त्यांना माझं दार आल्यावर आठवलं.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. ‘ही तुमची सही.’ पडद्यावर १९९४ सालचा मी होतो. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला मागे वळून पहिल्या अक्षराला भेटायला जाणारं शेपूट, खाली ठसक्यात ओढलेली रेघ, तिच्याखाली दोन टिंबं. नुकती नोकरी लागली होती, तेव्हा सहीला टिंबं द्यायला वेळ होता. त्यानंतर तीस वर्षं मस्टरवर, शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर आणि अलीकडे कुरिअरवाल्या मुलाच्या मोबाइलच्या काचेवर बोटाने सह्या करून करून शेपूट झडलं, टिंबं गळाली. उरली ती नुसती एक उचकी.

‘सर, एकतर अशीच सही करून नवीन चेक द्या, नाहीतर सही बदलायचा अर्ज द्या. आणि टाकण्याआधी चेक करत जा.’ मी चेक्सचा शर्ट घातलेला होता. अण्णा त्याला अजून चौकड्यांचा शर्ट म्हणतात.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय सत्याऐंशी. ‘चेक’ हा शब्द ते तोंडाला लावत नाहीत. बँकेच्या कागदाला ‘धनादेश’, तपासण्याला ‘बघणं’. (‘दूध उतू जातंय का चेक करा’ हे वाक्य ऐकलं की ते सुनेकडे न बघता माझ्याकडे बघतात. त्यांचं बरोबर आहे. ‘बघा’ला काय झालं होतं?) रोज संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ खेळतो. त्या दिवशी मी घोडा पुढे घातला आणि सवयीने म्हणालो, ‘चेक.’

‘शह म्हण. मराठीत शब्द आहे आपल्याला.’

आता गंमत अशी की तो शब्द आणि हा शब्द एकच. फारसीत शाह म्हणजे राजा. राजावर चाल आली की खेळाडू ‘शाह!’ म्हणून बजावायचे. आपल्याकडे त्याचा शह झाला. तोच शब्द अरबांबरोबर पश्चिमेला गेला, लॅटिनमध्ये ‘स्कॅकस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्रजांनी पुढचा ‘ए’ खाऊन त्याचा चेक केला. शह बसला की बाकीची सगळी कामं थांबतात, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवलंच आहे तर बघून घेऊ, म्हणून तपासणं. मुलुंड चेकनाक्यावर वर्षानुवर्षं नेमकं हेच चालायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण बसचा थांबा विचारला की लोक अजून चेकनाकाच सांगतात. चौकड्यांचा शर्ट पटावरून आला, हे कळायला तर लॅटिन नको.

बँकेचा चेक मात्र जरा लांबून येतो. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेजावर व्हायचा. रिचर्ड नावाच्या खजिनदाराने तो सगळा कारभार लिहून ठेवलाय. मेजाला चार बोटं उंच काठ, वर रेघा मारलेलं काळं कापड, त्यावर सोंगट्या मांडून पौंड-शिलिंगांची बेरीज. दिसायला बुद्धिबळाचा पट, म्हणून त्या खात्याचं नाव ‘एक्स्चेकर’. तो लिहितो, की पटावर दोन राजांची लढाई असते, तशी इथे खजिनदार आणि वसुली घेऊन आलेला शेरीफ यांची. आमच्या जिन्यात झाली ती हीच.

पुढे अठराव्या शतकात खोटेपणा पकडायला जी स्थळप्रत ठेवत तिला ‘चेक’ म्हणू लागले, मग तिच्यासमोरच्या कागदालाही. स्पेलिंग बदललं ते या एक्स्चेकरची नक्कल करून. अमेरिकेने ते घेतलं नाही. तिथे हॉटेलात ‘चेक आणा’ म्हटलं की बिल येतं. भाचा पहिल्यांदा गेला तेव्हा आपल्याला पैसे मिळणार आहेत असं समजून बसला होता.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. प्राग ज्या देशात आहे त्या चेकचा याच्याशी काही संबंध नाही, तो तिथल्या लोकांच्या नावावरून आला, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे मराठीत आधीपासून होता.’

‘फारसीतून, अण्णा.’

‘तुमच्या इंग्रजांच्या आधी की नाही? झालं तर. तुझा वजीर गेला, बघ.’

वजीर खरंच गेला होता. मातही झाली. ‘मात’सुद्धा त्याच पोटलीतून आलेली, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन बँकेत. रात्री जुन्या सहीचा सराव केला होता. शेपूट जमत होतं, पण ते पहिल्या अक्षराला भेटायच्या आत दम तोडत होतं. म्हणून सही बदलायचीच ठरवली. मॅडमनी छापील फॉर्म दिला. तीन चौकटी, तिन्हीत नवी सही. मी श्वास रोखून तीन सह्या केल्या आणि फॉर्म आत सरकवला.

त्यांनी पहिली चौकट पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. मग पुन्हा पहिली.

‘सर, या तिघी एकमेकींशी जुळत नाहीत.’