मावशीची खानावळ कायमची बंद आहे

परवा दुपारी मी मावशीच्या खानावळीत बसलो होतो, समोर ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, फोडलेला कांदा, तेल टाकलेला ठेचा, आणि हातातला मोबाईल मला सांगत होता की ही खानावळ कायमची बंद आहे. लाल अक्षरात. मी भाकरीचा तुकडा मोडला, चटका बसला. मावशी चुलीपाशी पुढची भाकर थापत होती, म्हणजे आपण बंद पडलो हे तिला अजून कोणी कळवलं नव्हतं.

मागचं थोडक्यात सांगतो. मी एसटीत कंडक्टर होतो. यवतमाळ-दारव्हा-दिग्रस-पुसद हा रस्ता मला पोटानं पाठ आहे. 1996 पासून दर दिवाळीला मी 32 पानांचं एक पुस्तक काढायचो, कोणत्या स्टँडवर काय खावं, कुठं पाणीसुद्धा पिऊ नये, कुठली पाटोडी फक्त सोमवारी चांगली असते वगैरे. पिवळं कव्हर, तालुक्याला लग्नपत्रिका छापणारा प्रेसवाला ते छापून द्यायचा. आता त्याच्या पोरानं फ्लेक्सचं मशीन आणलं, त्याला 32 पानं नको, एकच पान पाहिजे आणि त्यावर भाऊंचा फोटो पाहिजे. मग भाचा म्हणाला, "मामा, पुस्तक कोन वाचते आता, मी सगळं मोबाईलच्या नकाशावर टाकून देतो." आणि खरंच टाकून दिलं त्यानं.

आता घोळ काय झाला तर खुणांचा. माझ्या पुस्तकात जास्तीत जास्त तीन खुणा असत. ही अक्कल माझी नाही, बसमध्ये कोणीतरी विसरून गेलेल्या एका मासिकात वाचलं होतं. फ्रान्समध्ये मिशेलिन नावाचे दोघे भाऊ, धंदा गाडीच्या टायरचा. 1900 साली अख्ख्या फ्रान्समध्ये गाड्या 3000 सुद्धा नव्हत्या, टायर विकणार कोणाला? तर त्यांनी कुठं खावं, कुठं मुक्काम करावा, पंक्चर कुठं काढून मिळेल याचं पुस्तकच काढलं. लोक फिरतील, टायर झिजतील, नवे घेतील. 35000 प्रती काढल्या, फुकट वाटल्या. पुढं त्यातल्या एका भावाला म्हणे एका गॅरेजमध्ये आपलंच पुस्तक टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून लावलेलं दिसलं, तेव्हा 1920 पासून त्यांनी किंमत लावली. (हे वाचून मी लगेच माझ्या पुस्तकाची किंमत 5 रुपये केली. तरी दिग्रसला एका टपरीवर माझ्याच पुस्तकाच्या पानात मला भजी मिळाली, चाळीसपैकी नेमकं तेच पान, जिथं मी त्या टपरीची तारीफ केली होती. हो, 32 पानांच्या पुस्तकातून चाळीसपैकी म्हणतोय, मला अजूनही राग येतो तेव्हा हिशोब चुकतो.) 1926 पासून ते तारे द्यायला लागले, 1931 पासून एक, दोन, तीन असे. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे मुद्दाम त्याच्यासाठीच घरून निघा. चौथा ताराच नाही. तपासायला जाणारा माणूस नाव सांगत नाही आणि बिल भरतो. मी पण तसंच केलं. युनिफॉर्म काढून, दुपट्टा बांधून जायचो, माझे पैसे द्यायचो. फक्त माझ्या तीन खुणांचा अर्थ असा होता : एक, बस थांबली आहे तर खा. दोन, बस सुटली तरी चालेल. तीन, रजा टाकून जा.

मोबाईलवर तारे पाच. भाच्यानं माझ्या तीन खुणा जशाच्या तशा चढवल्या, तीनचे तीन. त्यामुळं ज्यांच्यासाठी मी रजा टाकल्या ते सगळे पाचपैकी तीन, म्हणजे जेमतेम, आणि हायवेवरच्या त्या काचेच्या हॉटेलला, जिथं पनीर रबरासारखं ताणतं, चार दशांश सहा. बरं, तीनवाल्यांनी निदान समजून घेतलं. एक खूणवाले? दारव्ह्याच्या एका हॉटेलवाल्यानं माझी एक खूण अठरा वर्षं फ्रेम करून गल्ल्यावर लावली होती, लक्ष्मीच्या शेजारी. त्याच्या पोरानं त्याला मोबाईलवर दाखवलं की कंडक्टरसाहेबानं आपल्याला पाचपैकी एक दिला. मी समजवायला गेलो तर म्हणाला, "साहेब, चहा संपला." मागं टोपात चहा उकळत होता. मला आवाज येत होता. हे माझ्याच नशिबी आलं असंही नाही, अमेरिकेत 1979 पासून झगाट म्हणून नवराबायकोचं असंच एक पुस्तक होतं, 30 पैकी मार्क द्यायचे, ते 2011 मध्ये गुगलनं विकत घेतलं आणि 2018 मध्ये दुसऱ्याला विकून टाकलं. मला तर कोणी विकतही घेतलं नाही.

असो. खानावळ बंद. झालं असं असणार की मागच्या पोळ्याला कोणीतरी शहरातलं आलं, शेड बंद दिसली, दाबलं बटण. माझ्या पुस्तकात स्पष्ट छापलं होतं : पोळा आणि तान्हा पोळा, दोन दिवस बंद, मावशी माहेरी जाते. नकाशात माहेराला रकाना नाही.

मी म्हटलं दुरुस्त करू. मोबाईल म्हणाला, दर्शनी भागाचा फोटो द्या, नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. आता मावशीच्या खानावळीला कसलं नाव आणि कसली पाटी, टिनाची शेड, समोर कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली खताचं रिकामं पोतं टाकून वीस वर्षांपासून बसलेले ते भाऊ. कधीही जा, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेले. जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"काय करून राह्यले, कंडक्टरसाहेब?"

"मोबाईल म्हणते खानावळ बंद आहे."

"कोन म्हनते?"

"मोबाईल."

त्यांनी शेडकडं पाहिलं. धूर निघत होता. "मंग हे काय पेटलं हाय का?"

मी म्हटलं पाटी पाहिजे, पाटीशिवाय मानत नाही. तर म्हणाले, "पाटी कायले पायजे? लोक मले इचारतेत नं." आणि मग खर्रा घोटायचा थांबवून, जरा खालच्या आवाजात, "म्हंजे इचारत होते. आता नाई इचारत. गाडीतून उतरतेत, मोबाईलकडं पायतेत, आन बंद हाय म्हनून चालले जातेत. मी अथी बसलो हाव, मले कोनी इचारत नाई."

मला एकदम आठवलं. पुस्तकात या खानावळीचा पत्ता काय होता? 'फाट्यावर उतरून कडुनिंबाखालच्या माणसाला विचारा.' दरवर्षी हीच ओळ. भाच्यानं ती काढून तिथं एक लाल टाचणी लावली.

"तुमच्या पुस्तकात मी होतो का नाई?"

"होता."

"मोबाईलात हाव का?"

मी ठेच्याकडं पाहिलं.

"मंग फोटोत मी राह्यतो," ते म्हणाले आणि उठले. वीस वर्षांत मी त्यांना उठताना पहिल्यांदा पाहिलं, पोतं पण उठलं. मावशीच्या चुलीतून एक कोळसा घेतला आणि पोत्यावर लिहायला बसले. पोत्याची एक बाजू चिखलानं माखलेली म्हणून दुसऱ्या बाजूवर. 'मावशी' एवढं मोठं काढलं की 'खानावळ' मावेना, 'खाना' वर आणि 'वळ' खाली, उजव्या कोपऱ्यात. प्लास्टिकच्या पोत्यावर कोळसा कुठला टिकतो, तळहात लागला की 'शी' पुसलं जायचं, ते परत काढायचे. मी म्हटलं, भाऊ राहू द्या. "राहू कसं द्या? बंद म्हनते नं तो!" आतून मावशी ओरडली, "काय लावलं बे तुमी, भाकर थंडी होऊन राह्यली." कोणी ऐकलं नाही. मग छाती काढून, पोतं गळ्यापाशी धरून ते शेडसमोर उभे राहिले, दुपट्टा नीट केला, एक हात सोडला म्हणून पोतं वाकडं झालं, परत धरलं, तोवर 'माव' गेलं. खाना आणि वळ राहिलं. मी फोटो काढला.

"दाखवा मले."

दिला मोबाईल. ही माझी चूक. त्यांनी स्वतःचा फोटो पाहिला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, अंगठ्यानं मोठा करायला गेले, खर्र्याचा अंगठा. खाली मोबाईलनं पाटी वाचून काहीतरी विचारलं होतं, हो का नाही. अंगठा 'हो'वर पडला.

संध्याकाळी मान्यता आली. इतकी वर्षं मी डेपोत एका रजेच्या अर्जासाठी महिना महिना फिरलो आणि इथं चार तासांत काम. खानावळ उघडी आहे. फोटोत भाऊ एकदम झकास आलेत. आणि नाव आहे, 'नीम कोटेड युरिया 45 किलो'. पोत्यावरची छपाई, ती कशी पुसल्या जाईल.

भाच्याला म्हटलं नाव बदल. तो म्हणाला, "मामा, आता पुन्हा बोर्डचा फोटो लागंल." फोन नंबर अर्थात माझा आहे, कारण मावशीकडं फोन नाही. आणि आषाढ चालू आहे, कपाशीला खत द्यायचे दिवस, कृषी केंद्रात एका पोत्यासाठी सकाळपासून रांग आणि युरिया पाहिजे तर सोबत दुसऱ्याच खताची बाटली घ्याच म्हणतात, ज्याला पैसे नाहीत त्यानं काय करावं? तर तो मोबाईल पाहतो. काल पहाटे साडेपाचपासून मला अकरा फोन आले. एक जण पांढरकवड्याहून. मी त्याला म्हटलं, भाऊ, ही खानावळ आहे. तो म्हणाला, "हो, समजलं, सांगायचं नाई असंल तुम्हाले. किती जास्तीचे घ्याल ते बोला."

आज मावशीकडं गेलो तर शेडसमोर दोन बैलबंड्या आणि एक छोटा हत्ती उभा. कडुनिंबाखाली भाऊ नेहमीच्या जागी, भोवती सात-आठ माणसं, आणि सगळे त्यांनाच विचारत होते. ते आरामात खर्रा घोटत सांगत होते, "येईन नं, येईन. तवरिक जेवून घ्या."