केराचा आठवडा

श्टुटगार्टला येऊन पहिलाच महिना. सोमवारी सकाळी दार उघडलं तर मुठीला एक पाटी लटकलेली. मी सदाशिव पेठेत वाढलेला, पाटीला घाबरणारा नव्हे. पाटीनं अपमान करायचा, आपण तो वाचून पुढं जायचं, हा व्यवहार आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण या पाटीवर एकच शब्द होता: केरवोखे. त्यातला केर ओळखीचा वाटला आणि दुर्दैवानं अर्थही तोच निघाला. वोखे म्हणजे आठवडा. या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायची पाळी माझी, आणि झाल्यावर पाटी शेजारच्या दाराला अडकवायची.

शनिवारी दोन बादल्या पाणी ओतून जिना पुसला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. कठड्याच्या खालच्या बाजूनं त्यांनी एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोपरे?"

माझं जर्मन तेव्हा बेताचं. वाटलं, किती आहेत ते विचारतायत. मोजून सांगितलं, "चोवीस."

त्यानंतर वर्षभर त्या माझ्याशी फक्त हवामानावर बोलल्या.

पुढं कळलं, की ही प्रथा थेट १४९२ सालच्या शहराच्या नियमांपर्यंत मागं जाते. त्याच वर्षी कोलंबस आपल्याला शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला. इथला माणूस, म्हणजे श्वाबी, जागचा हलला नाही. अंगण झाडायचं राहिलं असणार.

यथावकाश मी नागरिकत्वाची परीक्षा दिली. ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास. माझे ३१ आले. जिन्यावर एकही प्रश्न नव्हता, त्यामुळे त्या निकालावर माझा स्वतःचाच फारसा विश्वास बसला नाही. पासपोर्ट घेऊन घरी आलो तर दाराला पाटी.

मागच्या दिवाळीत पुण्याला गेलो होतो. सोसायटीच्या जिन्याचे कोपरे बघवेनात. शेवटी आईकडून झाडू मागून घेतला. मी तिसऱ्या पायरीवर ओणवा असताना शेजारच्या काकू आईला हळूच विचारत होत्या, "तिकडे नक्की कसली नोकरी करतो हो हा?"

परवा आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नवा भाडेकरू आला. पाटी दोन आठवडे त्याच्याच दारावर. शनिवारी जिना उतरताना माझं बोट आपोआप कठड्याखालून फिरलं. मागे आजी उभ्या होत्या.

"हांबुर्गचा आहे," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, एखाद्याचं दुखणं सांगावं तशा. "बाहेरची माणसं. यांना आपल्याकडची पद्धत कुठली माहीत असायला?"

मी बोट पुढं केलं. काळंकुट्ट होतं. आजींनी ते चष्मा सावरून नीट पाहिलं.

"शिकेल हो," मी म्हटलं. "कोपऱ्यांपासून सुरुवात करू."