‘पेशंटला काही सांगू नका’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शेवटाविषयी डॉक्टरांनी पेशंटशी मोकळेपणानं बोलावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही एवढं सविस्तर आणि रागावून लिहिलंत, बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मरणाचा विषय काढला की पेशंट आधीच खचतो, म्हणून डॉक्टरांनी ते फक्त घरच्यांशी बोलावं, आणि मी ज्याला मोकळेपणा म्हणतो ते खरं तर हात वर करणं आहे.

हात वर करणारे डॉक्टर आहेतच. राउंडवर उभ्याउभ्या ‘आता आमच्या हातात काही नाही’ म्हणायचं आणि पुढच्या बेडकडे वळायचं, याची बाजू मी घेणार नाही. ते वाक्य खरंही नसतं. दुखणं, धाप, मळमळ, उडालेली झोप यांवर शेवटपर्यंत करण्यासारखं पुष्कळ असतं.

आता खचण्याबद्दल. अमेरिकेत बळावलेल्या कॅन्सरच्या ३३२ रुग्णांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्याशी डॉक्टर शेवटाविषयी बोलले होते, त्यांच्यात नैराश्य किंवा काळजी जास्त आढळली नाही. व्हेंटिलेटर आणि आयसीयूची वेळही त्यांच्यावर कमी आली. डॉक्टर मुळात खंबीर माणसांशीच बोलले असतील, अशी शंका तुम्ही काढाल, आणि ती रास्त आहे. पण ‘बोललं की माणूस खचतोच’ हे तरी त्यानंतर ठामपणे म्हणता येत नाही.

खरा मतभेद ‘फक्त घरच्यांशी’ यावर आहे. सांगावं की लपवावं हे आपण दोघांनी ठरवायचंच कशाला? पेशंटलाच विचारावं. मी खुर्ची ओढून बसतो आणि आधी एवढंच विचारतो, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय काय कळलंय?’ मग, ‘पुढचं सगळं ऐकायला आवडेल, की घरातल्या कुणाशी बोलू?’ काही जण सरळ म्हणतात, ‘मुलाशी बोला, मला नको.’ मग मी मुलाशीच बोलतो. तुम्हाला हवं तेच होतं, फक्त ते पेशंटनं ठरवलेलं असतं.

आणि काही जण असं काही विचारतात की आपण चाट पडतो. एका आजोबांना किती दिवस उरलेत याच्याशी घेणंदेणं नव्हतं. ‘रात्री झोपेत श्वास कोंडेल का हो?’ एवढंच त्यांना हवं होतं. ही धास्ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती, कारण तो विषय काढायचा नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. धाप कमी करायला मॉर्फिनचा अगदी छोटा डोस देता येतो, पण ती भीती आधी कानावर तर पडली पाहिजे!

‘किती दिवस’ याचं उत्तर मी आकड्यात देत नाही. आम्हा डॉक्टरांचे अंदाज फार चुकतात, तेही बहुधा जास्त आयुष्य सांगण्याकडे. २००० सालच्या एका अभ्यासात जेमतेम २० टक्के अंदाज बरोबर आले होते. ‘वर्षं नाहीत, महिने असावेत’ इतपत सांगतो, तेही विचारलं तरच.

पहिल्याच भेटीत हे बोलू नये, हा तुमचा मुद्दा मात्र मान्य. पण ‘योग्य वेळ’ येईपर्यंत थांबलं की बहुतेकदा पेशंटच्या घशात नळी असते, आणि संमतीपत्र मुलासमोर येतं. वडिलांना काय हवं होतं हे त्यानं कधी विचारलेलं नसतं, आणि आता विचारायची सोय नसते.