परक्याच्या मोटारसायकलवर बसण्याची शास्त्रोक्त पद्धत

रस्त्याच्या कडेला इंजिन उघडे टाकलेली, रुंद टायरची, पुढे झुकलेली अशी एखादी मोठी मोटारसायकल उभी दिसली, की एरवी सज्जन असलेल्या माणसाचेही हात शिवशिवू लागतात. हे हात नेमके कोठे ठेवावेत, मालकाला कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत आणि वेळ आली की काढता पाय कसा घ्यावा, याचे नियम जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सर्वांना तोंडपाठ असले, तरी ते कोणी लिहून ठेवलेले नाहीत. या उन्हाळ्यात एरंडोल आणि पारोळ्याच्या मधल्या एका ढाब्यावर या नियमांचे साद्यंत प्रात्यक्षिक माझ्याच गाडीवर झाले, त्यामुळे ते लिहून काढण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असे मी समजतो.

समोर काय उभे आहे हे समजून घेण्याच्या भानगडीत प्रथमतः पडू नये. साधारण साडेसहाशे ते नऊशे सीसीच्या या वर्गाला मिडलवेट नेकेड म्हणतात. कावासाकीची झेड 650, केटीएमची 790 ड्यूक, ट्रायम्फची स्ट्रीट ट्रिपल ही त्यातली आपल्याकडे अधूनमधून दिसणारी नावे. स्प्लेंडरचे 97.2 सीसीचे इंजिन सुमारे 8 पीएस शक्ती देते, तर झेड 650 देते 68, 790 ड्यूक 105 आणि स्ट्रीट ट्रिपल आरएस 130. आणि एवढी शक्ती ज्या गाडीत कोंबलेली असते तिचे वजन स्प्लेंडरच्या दुपटीपेक्षाही कमी भरते. ट्रायम्फच्या त्या तीन सिलिंडरच्या 765 सीसी इंजिनावर बेतलेले इंजिन 2019 पासून मोटो2 शर्यतीतल्या सर्व गाड्यांना बसवले जाते. ही सगळी माहिती अर्थातच निरुपयोगी आहे, कारण आपल्याला विचारायचे असते ते एवढेच, की ‘काय भो, कितला अ‍ॅव्हरेज देस?’

मालकाने ‘वीस’ असे म्हणताच चेहऱ्यावर दुखवट्याला आल्याचा भाव आणावा आणि आपली गाडी साठ देते हे त्याला कळवावे. त्यानंतर किंमत विचारावी. दहा-बारा लाखांचा आकडा ऐकल्यावर त्या पैशांत काय काय आले असते याची यादी उपस्थितांच्या मदतीने तयार करावी: सनरूफवाली कार, ट्रॅक्टर, ठिबकसकट केळीची बाग, आणि कोणी जळगावचे असेल तर सोन्याचे तोळे आजच्या भावाने हिशेब करून. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर 40 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सरकारनेही या वाहनाला गोड शीतपेयांच्या पंगतीत नेऊन बसवले आहे. तेव्हा मालकाला उधळ्या ठरवताना आपण एकटे पडू अशी भीती बाळगू नये.

भर मे महिन्यात जॅकेट आणि हातमोजे घातलेला माणूस दिसला, तर ‘थंडी वाजते का भाऊ?’ असे विचारून भोवतालच्यांना हसवावे.

गाडीची ‘टॉप’ किती आहे हा प्रश्न विचारावाच, परंतु चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे असे उत्तर मालकाने दिल्यास तो घाबरट आहे असे समजून चालावे.

बंद गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पिळून तोंडाने आवाज काढायला हरकत नाही. यांतल्या बहुतेक नव्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला केबलऐवजी सेन्सर असतो, त्यामुळे बंद असताना कितीही पिळला तरी काहीच बिघडत नाही. आणि काहीच बिघडत नसल्यामुळे तेवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही. त्यापेक्षा जाता जाता हँडलवरचे इंजिन बंद करणारे लाल बटण दाबून ठेवावे, म्हणजे सेल्फ का लागत नाही हे शोधत मालक भर उन्हात फ्यूज तपासत बसतो.

नातेवाइकांनी मात्र बाहेरच्यांप्रमाणे नुसते पाहत उभे राहू नये, तर ‘एक राउंड मारून आणतो’ असे म्हणून हात पुढे करावा. मेहुण्यांना तर तो हक्कच आहे. ‘गिअर तर आमच्या गाडीलाही आहेत’ हा युक्तिवाद येथे फार उपयोगी पडतो. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबत टाकायचे असतात आणि या गाड्यांचा फक्त पहिला गिअर खाली असून बाकीचे पाच वर उचलायचे असतात; म्हणजे वेगात असताना सवयीने पाय पुढे दाबला की गिअर वाढण्याऐवजी उतरतो आणि मागचे चाक कसे झटका देते, याचा अनुभव पाहुण्यांना घरच्या गल्लीतच फुकटात मिळतो. नकार दिल्यास पुढच्या लग्नात त्याची परतफेड करावी.

चालत्या गाडीचा पाठलाग हा स्वतंत्र विषय आहे. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर चोपडा ते रावेर यांच्या दरम्यान कोठेही ही गाडी पुढे दिसली, की तिघांनी एका दुचाकीवर बसून, हेल्मेट घरी ठेवून, मधल्याने मोबाइल वर धरून तिच्या अगदी बाजूला यावे आणि ‘रेस दे ना भाऊ, रेस दे’ असे ओरडावे. समोरून केळीचा ट्रक येत असेल तरी बाजू सोडू नये. त्या रस्त्याबद्दल आपल्या लोकांना वेगळे काही सांगायची गरज नाही. मालक एका डोळ्याने खड्डा, दुसऱ्याने ट्रक आणि आरशात तुमचा मोबाइल असे तिन्ही सांभाळतो आहे आणि दिसायला मात्र नुसता हवा करतो आहे असे वाटते, यातच सगळी मौज आहे. पुढे गतिरोधक आहे हे त्याला माहीत असते आणि तुम्हाला नसते, ही बाब तुमच्या व्हिडिओत नंतर दिसेलच.

आता मूळ विषय, म्हणजे बसणे.

बसण्यापूर्वी मालकाला विचारू नये. मालक आत शेवभाजीची वाट पाहत बसलेला असतो आणि त्याला उठवणे असभ्यपणाचे आहे. या गाड्यांना डबल स्टँड नसतो. त्या फक्त साइड स्टँडवर डावीकडे कलून उभ्या राहतात आणि तो कल हाच त्यांचा आधार असतो. आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो तेव्हा डांबर मऊ होऊन स्टँडचे टोक आत रुतते, म्हणून माझ्यासारखी भित्री माणसे स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवतात. असा तुकडा दिसल्यास त्याचा अर्थ लावत बसू नये. आधी लहान मुलाला उचलून टाकीवर ठेवावे. इंजिनसमोरून खाली वळलेले एक्झॉस्टचे पाइप चालत्या गाडीत काही शे अंशांपर्यंत तापतात आणि गाडी बंद केल्यावरही बराच वेळ तसेच चटका देत राहतात. मुलाने हाफ चड्डी घातलेली असल्यास उत्तम. नंतर आपण मागे बसावे आणि शालकाच्या हातात मोबाइल द्यावा. शालक हमखास म्हणतो, ‘जिजाजी, तिरपी दिसते, सरळ करा.’ मग सरळ करावी.

त्या ढाब्यावर ती सरळ केली गेली. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून 785 मिलिमीटर उंच असते आणि या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांची 820 च्या वर. फरक बोटभर, पण तेवढ्याने टाचा जमिनीवरून उचलल्या जातात. चवड्यांवर उभ्या असलेल्या माणसाने सरळ केलेली दोनशे किलोंच्या आसपासची गाडी मध्यबिंदू ओलांडून उजवीकडे कलली, की तिला कोणीही धरू शकत नाही, पैलवानही नाही. डावीकडे स्टँड होता, उजवीकडे काहीच नव्हते. मी ताटावरून उठेपर्यंत समोरच्या ब्रेकचा लिव्हर तुटून पडला होता, इंडिकेटर लोंबत होता, ब्रेक पॅडल आत वळले होते आणि इंजिनच्या कव्हरवर खडीचे ओरखडे उठले होते. मुलाला तंदूरवरच्या पोराने झेप घेऊन ओढून काढले होते, म्हणून ते रडत तरी होते.

अशा वेळी पुढे काय करावे हे त्या गृहस्थांकडून शिकावे. त्यांनी प्रथम कपडे झटकले. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, ‘अशी लावता का गाडी? पोराले लागलं असतं म्हणजे?’ आणि आडव्या पडलेल्या गाडीकडे पाहत, मनापासून आश्चर्य वाटल्यासारखे, ‘एवढी महाग गाडी, अन् डबल स्टँड बी नाही?’ गर्दीतल्या वडीलधाऱ्यांनी ‘जाऊ द्या भाऊ, लेकराले लागलं नाही ना’ असा निकाल दिला. त्या निकालाविरुद्ध अपील नसते. गृहस्थ सहकुटुंब कारमध्ये बसले आणि गेले. व्हिडिओ शालकाजवळ आहे.

वेगातल्या गाडीला थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो आणि तो लिव्हरवाचून लागत नाही, त्यामुळे गाडी तेथून छोटा हत्तीत दोरखंडांनी बांधून न्यावी लागली. स्प्लेंडरचा लिव्हर पारोळ्याच्या कोणत्याही दुकानात उभ्या उभ्या मिळाला असता. हा मागवावा लागतो, आणि मागवल्यावर तो येतो तेव्हा येतो. विमा आहे, परंतु दावा केला की विना-दावा सवलत जाते, जी साठत साठत 50 टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि एका दाव्याने पुसली जाते. म्हणजे चूक त्यांची, हप्ता माझा. कव्हर बदलायचे तर इंजिन ऑइलही बदलायचे, त्याचे बिल वेगळे. आणि घरी, ‘तरी आम्ही म्हणत होतो’ हे ऐकायचे ते वेगळे.

पण हे सगळे पैशांचे आहे, आणि पैसे मी भरले. अहो, ते चार-पाच वर्षांचे पोर होते. ते हँडल आणि जमीन यांच्यामध्ये त्याचा पाय येत होता. तुमच्या स्वतःच्या मुलाला तापलेल्या इंजिनावर, एका काठीएवढ्या स्टँडवर कललेल्या यंत्रावर बसवताना तुमच्या मनात एकदाही आले नाही, की ही वस्तू आपली नाही आणि ती कशी उभी राहते हे आपल्याला माहीत नाही? दुसऱ्याच्या बैलगाडीवर तुम्ही मुलाला न विचारता बसवले असते का? दुसऱ्याच्या कारचे दार उघडून स्टिअरिंगपाशी बसून फोटो काढला असता का? मग मोटारसायकललाच दार नाही म्हणून ती गावकीची कशी होते? आणि तंदूरवरचा तो मुलगा, ज्याचे हात त्या पाइपला लागून भाजले, त्याच्याकडे तुम्ही पाहिलेसुद्धा नाही. त्याच्या हाताला मलम मी लावले, आणि ढाब्याच्या मालकाने त्याला रोट्या टाकायला पुन्हा उभे केले.

विचारत जा. आजवर विचारणाऱ्या एकाही मुलाला मी नाही म्हटलेले नाही. गाडी गार असली तर मी स्वतः हँडल धरतो, मुलाला बसवतो, फोटोही काढून देतो, आणि गरम असली तर थोडे थांबायला सांगतो. एवढे थांबणे तुम्हाला जमत नसेल तर लांबून बघा. आणि हातून मोडतोड झालीच, तर ओरडू नका, गर्दीच्या आड लपू नका. तेथेच उभे राहा, आपले नाव सांगा, गाडी उचलायला हात लावा आणि खर्च किती येईल ते विचारा.